वस्तूला किंमत, कसबाला कधी?

उद्योगनगरीतील कलादालने आणि प्रदर्शने हस्तकलेच्या वस्तू विकतात. ती वस्तू घडवणारी प्रक्रिया आणि घडवणारा माणूस मात्र पडद्याआड राहतो. कारागिराच्या घसरत्या मोबदल्याचे एक मोठे कारण या मांडणीतच दडले आहे.

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारा वाहनाचा एखादा सुटा भाग हातात घेऊन पाहिला, तर त्यावर अंकांची वा अक्षरांची एक बारीक ओळ उमटवलेली दिसते. तो भाग कोणत्या पुरवठादाराने, कोणत्या तुकडीत आणि केव्हा तयार केला, याचा माग त्या ओळीवरून काढता येतो. दोष निघाला तर जबाबदारी निश्चित करता यावी, यासाठी वाहन उद्योगाने ही शिस्त अंगी बाणवली आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यातील हजारो लहान-मोठे कारखाने याच शिस्तीवर उभे आहेत.

याच परिसरातील एखाद्या कलादालनात किंवा सणासुदीच्या प्रदर्शनात मात्र वेगळेच चित्र दिसते. तांब्याचा लोटा, वारली चित्र रंगवलेला ट्रे, सावंतवाडीची लाकडी फळे, कोल्हापुरी चपलांचा जोड अशा वस्तू तेथे नेटकेपणाने मांडलेल्या असतात. प्रत्येकीला चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर किंमत असते. फार तर 'हँडमेड' असा एक शब्द असतो. ती वस्तू कोणी घडवली, तिला किती दिवस लागले, तिच्यातला कोणता टप्पा हाताने झाला आणि कोणता यंत्राने, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीत नसते. दोन-तीनशे रुपयांच्या सुट्या भागाचा इतिहास नोंदवणाऱ्या नगरीत काही हजारांच्या हस्तकलेला इतिहासच नसावा, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

हा प्रश्न केवळ कलाप्रेमाचा किंवा हळहळीचा नाही. तो सरळ सरळ किमतीचा आहे. ग्राहकाला प्रक्रिया ठाऊक नसेल, तर हाताने घडवलेली वस्तू आणि तिची यंत्रावर काढलेली नक्कल यांत त्याला फरक दिसत नाही. फरक दिसला नाही, की तो स्वस्त वस्तू उचलतो आणि त्याला दोषही देता येत नाही. अशा वेळी खरा कारागीर दोनच गोष्टी करू शकतो. एक तर नकलेच्या भावात विकायचे, नाही तर काम सोडायचे.

मठारकामाचे मोल

याचे अगदी जवळचे उदाहरण पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले त्वष्टा कासार येथे स्थिरावले, अशी या आळीची परंपरा सांगितली जाते. हंडे, घागरी, तपेली, पराती आणि पाणी तापवण्याचे बंब या वस्तूंनी एके काळी या आळीला वर्षभर काम पुरवले. पुढे स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले, न्हाणीघरात गॅसचे आणि विजेचे गिझर आले. बंब ही वस्तूच दैनंदिन व्यवहारातून बाद झाली. जुन्या पेठांतील वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तशी भट्टी आणि ऐरण यांना लागणारी जागाही आकसत गेली.

तांबटाचे काम पाहिलेल्या माणसाला त्या लोट्याची किंमत पटवून द्यावी लागत नाही. तांब्याचा पत्रा मापाने कापायचा, वाकवून त्याची कड जोडायची, डाग देऊन सांधा पक्का करायचा. मग ठोकून आकार द्यायचा. ठोकताना धातू कडक होत जातो आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून तो मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा. आकार आला की काळवंडलेले भांडे धुऊन स्वच्छ करायचे आणि शेवटी मठारकाम. घोटून गुळगुळीत केलेल्या तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक असे ठोके ओळीने देत जायचे. प्रत्येक ठोक्याचा लहानसा आरसा भांड्यावर उमटतो.

हे आरसे ग्राहकाला नक्षी वाटतात. वास्तविक ते नक्षीच्याही आधी धातुशास्त्र आहे. अखेरच्या या ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि ताठ होतो, भांडे सहज चेपत नाही आणि त्याचे आयुष्य वाढते. चाकणच्या कारखान्यातील अभियंता ज्याला धातूचे 'वर्क हार्डनिंग' म्हणतो, ते तांबट कित्येक पिढ्या केवळ हाताच्या आणि कानाच्या अंदाजावर करीत आला आहे. ठोका कसा बसला हे त्याला आवाजावरून कळते. एक ठोका कमी-जास्त झाला तर ओळ बिघडते आणि बिघडलेली ओळ लपवता येत नाही.

गेल्या काही वर्षांत तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्याची पद्धत शहरांत पुन्हा रुजली आणि तांब्याच्या बाटल्यांना मागणी आली. तिचा लाभ तांबट आळीला मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात बाजार भरला तो साच्यात दाबून ठोक्यांची नक्कल उमटवलेल्या बाटल्यांनी. जवळून पाहिले तर त्यांतील खळगे एकसारखे, मोजून मारल्यासारखे दिसतात. पण जवळून काय पाहायचे हे ग्राहकाला कोणी सांगितलेलेच नसते. इन्टॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या पुणे शाखेने आणि काही डिझायनर मंडळींनी तांबटांबरोबर काम करून दिवे, ताटे, शोभेची भांडी अशा नव्या वस्तू घडवून घेतल्या. त्यातून मठारकामाला नवा ग्राहक मिळाला, ही समाधानाची बाब आहे. तरीही तो ग्राहक मोजकाच आहे.

पदर उलटून पाहण्याची सवय

प्रक्रियेचे ज्ञान हेच कारागिराचे संरक्षण ठरते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पैठणी घेणारी जाणकार स्त्री दुकानात पहिली गोष्ट करते ती म्हणजे पदर उलटून पाहते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि रंग बदलतो तेथे धागे एकमेकांत अडकवले जातात. त्यामुळे मोर, कोयरी किंवा कमळ पदराच्या मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकेच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

ही परीक्षा कोणत्याही कायद्याने शिकवलेली नाही. ती आईकडून मुलीकडे, नणंदेकडून भावजयीकडे आली. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१० साली. पण पदर उलटण्याची सवय त्याआधीपासूनची आहे. बाजारात स्वस्त 'सेमी पैठणी' मुबलक असतानाही येवल्याचा आणि पैठणचा विणकर टिकून आहे, त्यामागे या सवयीचा वाटा मोठा आहे. तांब्याच्या लोट्याच्या, चामड्याच्या चपलेच्या किंवा लाकडी खेळण्याच्या बाबतीत अशी सवय समाजात तितकी रुजलेली नाही. ती रुजवण्याचे काम ज्यांनी करायचे, त्यांत कलादालनांचा क्रमांक वरचा लागतो.

मिलानहून आलेला धडा

कोल्हापुरी चपलांवरून २०२५ साली जो वाद उभा राहिला, त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये 'प्राडा' या इटालियन कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीशी उघड साम्य असलेल्या चपला सादर केल्या. त्यांच्या उगमाचा उल्लेख मात्र केला नाही. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. राज्यातील व्यापारी व उद्योजकांच्या संघटनेने पत्र पाठवल्यानंतर या चपलांमागे भारतीय परंपरेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. याबाबतची जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनीच दाद मागायला हवी, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २ हजार जोड येथील कारागिरांच्या साहाय्याने बनवण्याची योजना जाहीर झाली.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे, भौगोलिक मानांकन हे नावाचे संरक्षण करते, तंत्राचे नव्हे. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळाले. 'कोल्हापुरी' हा शब्द न वापरता कोणी तशीच चपल बनवली, तर कारागिराच्या हाती कायद्याचे शस्त्र फारसे उरत नाही. पारंपरिक घडण 'नवीन' नसल्याने आराखड्याच्या हक्कांचा कायदाही तेथे लागू पडत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावायचे, तळवे हाताने कापायचे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने शिवायचे आणि पट्ट्यावरची वेणी बहुधा घरातल्या स्त्रियांनी गुंफायची. ही कामाची साखळी ठाऊक असलेल्या माणसाला प्लास्टिकच्या तळव्याची नक्कल कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही. मिलानमधील प्रकाराने संतापलेल्या आपल्याच शहरांतील रस्त्यांवर मात्र तशी नक्कल बिनदिक्कत खपते, हे सोयीस्करपणे विसरले गेले.

योजनांचा लाभ आणि मर्यादा

सरकारी पातळीवर काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेसाठी १३ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्यांची रचना पाहिली तर त्या कारागिराला भांडवल देतात, ग्राहकाला समज देत नाहीत. शिवाय विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हाच्या १८ व्यवसायांच्या यादीत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चर्मकार, शिल्पकार होते. तांबट किंवा कासार असा स्वतंत्र उल्लेख नव्हता. करआकारणीसाठी केलेली हस्तकलेची व्याख्या तुलनेने समंजस आहे. काही अवजारे वा यंत्रे वापरली असली तरी वस्तू प्रामुख्याने हाताने घडलेली असावी, असे ती सांगते. मात्र 'प्रामुख्याने' म्हणजे किती, हे कलादालनातल्या ग्राहकाला कळायचे कसे? त्याचे उत्तर चिठ्ठीवर यायला हवे.

जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तकलांसाठी स्वतंत्र कायदा केला. वस्तू रोजच्या वापरातली असावी, तिच्या घडणीतील मुख्य टप्पे हाताने झालेले असावेत, तंत्र आणि कच्चा माल परंपरेने चालत आलेला असावा, अशा अटी त्यात आहेत. तपासणीत उतरलेल्या वस्तूवर विशिष्ट चिन्ह लावता येते. मोटारींच्या कारखानदारीत जगात अग्रेसर ठरलेल्या देशाने त्याच काळात मातीच्या भांड्यांच्या आणि लाखकामाच्या तंत्राची अशी नोंद ठेवली, हे पिंपरी-चिंचवडसारख्या नगरीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

कारखाना आणि कसब

उद्योग आणि हस्तकला यांना परस्परविरोधी मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या पट्ट्याचा इतिहास तसे सांगत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या कितीतरी आधी, १९०८ साली, येथून जवळच तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने जमलेल्या एकेका पैशातून तो उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक धुरा सांभाळली. हा कारखाना माल काढत होता, तसाच तो माणसेही शिकवत होता. काच फुंकण्याचे आणि वितळवण्याचे कसब तेथे डोळ्यांसमोर शिकायला मिळे. या शिक्षणातून तयार झालेल्या हातांनी पुढे देशात इतरत्र काचेचे कारखाने उभारायला हातभार लावला. प्रक्रिया उघडी ठेवली की उद्योग वाढतो, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

आजही भोसरीच्या ओतशाळेत ओतीव भागासाठी लाकडाचा नमुना बनवणारा पॅटर्नमेकर हा मुळात सुताराच्याच विद्येवर उभा असतो. धातू थंड होताना किती आकसेल, याचा हिशेब धरून तो लाकूड तासतो. साच्याला अखेरची सफाई देणारा टूलरूममधला कारागीर बोटाच्या स्पर्शाने उंचसखलपणा ओळखतो. संगणकावर आखलेल्या नव्या मोटारीचीही मातीची प्रतिकृती हाताने घोटून पाहण्याची पद्धत वाहन उद्योगाने अद्याप पूर्णपणे सोडलेली नाही. ज्या शहरातील लक्षावधी कुटुंबे हाताच्या कसबावर वाढली, त्या शहराला हस्तकलेची भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

चिंचवडमध्येच २००६ साली सुरू झालेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम या संदर्भात उल्लेखनीय आहे. भटक्या आणि विमुक्त समाजांतील मुलांसाठी गिरीश प्रभुणे यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत शालेय शिक्षणाबरोबर पारंपरिक कलाकौशल्यांचेही शिक्षण दिले जाते. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या समाजांकडे पिढीजात कौशल्य होते पण प्रतिष्ठा नव्हती, त्यांच्या मुलांना त्या कौशल्यासह उभे करण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचे फलित मुलांच्या पदरात पडायचे तर त्यांनी घडवलेली वस्तू योग्य किमतीला घेणारा ग्राहकही याच शहरात तयार व्हायला हवा.

दालनांनी काय करावे?

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हा या विषयातला एक मोठा वारसा आहे. दिनकर केळकर यांनी जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंत दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दरवाजे असे घराघरातले कसब साठले आहे. १९७५ साली त्यांनी हा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांच्या संग्रहातील असंख्य वस्तूंचे कर्ते मात्र खरोखरच अज्ञात आहेत. अडकित्ता आहे, तो घडवणाऱ्या लोहाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्या काळी ती रीतच नव्हती. आज मात्र ती सबब चालणार नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाने देशभरातील कारागिरांना बोलावून प्रेक्षकांसमोर काम करायला बसवण्याचा पायंडा पाडला. १९९४ साली सुरू झालेल्या 'दिल्ली हाट'मध्ये कारागिरांना आळीपाळीने गाळे देण्याची पद्धत ठेवण्यात आली. पिंपरी-चिंचवड महापालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शनांसाठी प्रशस्त जागा आहे. म्हणजे जागा आणि गर्दी, दोन्ही आहेत. उणीव आहे ती मांडणीच्या दृष्टीची.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक वस्तूसोबत कारागिराचे नाव, गाव, लागलेला वेळ आणि हाताने झालेले टप्पे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी लावता येईल. अर्धवट अवस्थेतील वस्तू ओळीने मांडता येतील; कापलेला पत्रा, जोडलेले नळकांडे, ठोकलेला आकार आणि मठारलेला लोटा शेजारी शेजारी ठेवले, तर वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. अस्सल वस्तूच्या बाजूला तिची यंत्रावरची नक्कल ठेवून फरक ओळखायला सांगता येईल. परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांनी हे पाहिले, तर त्यांनाही धातूची आणि लाकडाची ओळख पुस्तकापलीकडे होईल.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. कारागिराला दालनात बसवून काम करायला लावणे म्हणजे त्याला तमाशाची वस्तू बनवणे, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण ते तो फुकट बसतो तोवरच. प्रात्यक्षिकाच्या दिवसाचे मानधन त्याला मिळाले, तर ते वक्त्याच्या किंवा गायकाच्या मानधनाइतकेच सन्मानाचे ठरेल. तंत्र उघड केले तर नक्कल वाढेल, हा दुसरा आक्षेप. परंतु मठारकाम किंवा वादीची शिवण पाहून कोणाला येत नाही. त्यासाठी वर्षे घालवावी लागतात. नक्कल करणारा तंत्राची नव्हे, दिसण्याची नक्कल करतो आणि त्याला त्यासाठी दालनात येण्याची गरजही नसते. तिसरा आक्षेप किमतीचा आहे. सगळ्यांनाच हाताने घडवलेली वस्तू परवडणार नाही, हे खरे आहे आणि यंत्राच्या वस्तूंनी सामान्यांची घरे सजली, हेही खरे आहे. यंत्राच्या वस्तूला विरोध नाहीच. विरोध आहे तो ती हाताची म्हणून विकण्याला.

प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. तांबटाचा मुलगा भोसरीत किंवा चाकणला नोकरीला गेला, तर तो त्याचा हक्क आहे आणि त्यात त्याचे हितही असू शकते. मात्र बापाच्या कामाला भाव नाही म्हणून त्याला जावे लागत असेल, तर त्या निवडीला निवड म्हणता येत नाही. महापालिकेने आपल्या पुढच्या प्रदर्शनाच्या नियमावलीत कारागिराचे नाव आणि घडणीचे टप्पे नोंदवण्याची अट घातली, तरी एक सुरुवात होईल. सुट्या भागावर अंक कोरायला शिकलेल्या या नगरीला लोट्याच्या चिठ्ठीवर एक नाव लिहिणे अवघड जाऊ नये.